हातचा एक

गोथेनबर्गच्या बँकेत एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांचे पैसे मोजले.
अंगठा ओला करायचा तो छोटा स्पंज
निवृत्तीच्या दिवशी पर्समध्ये टाकला, कशाला कोण जाणे.
आणि आले इथे, लेसोथोच्या डोंगरात, हा रामोक्वात्सी गावी,
जिथे जूनमध्ये बादलीतलं पाणी
पहाटे कुऱ्हाडीनं फोडावं लागतं.
मेंढपाळ पोरांना बेरीज शिकवायला.
सहा महिन्यांसाठी.

मे मात्शेपोनं पहिल्याच रात्री माझं नाव उतरवून ठेवलं.
'इंगेला' तिच्या जिभेवर बसेना.
तू लिम्फो, म्हणाली.
लिम्फो म्हणजे भेटी, अनेकवचनी.
मी हरखले.
नंतर कळलं, माझ्या आधीची जर्मन पोरगीही लिम्फोच,
तिच्या आधीची कोरियनसुद्धा.
खाट तीच, घोंगडी तीच,
उशीचा अभ्रा तेवढा धुतलेला.

मेंढ्या कोंडून झाल्या की पोरं येतात.
गमबूट, खांद्यावर पिनेनं अडकवलेली घोंगडी,
अंगाला शेणीच्या धुराचा वास.
कुत्री उंबऱ्याशी बसतात आणि माझ्यापेक्षा लक्ष देऊन ऐकतात.

त्यांच्या भाषेत आठ म्हणजे दोन बोटं दुमडलेली,
नऊ म्हणजे एक.
मोसिउवाला नऊसाठी काही दुमडावं लागत नाही.
डाव्या हाताची करंगळी त्याची
तीन हिवाळ्यांपूर्वी बर्फानं नेली.
दहा आले की तो थांबतो,
माझ्याकडे बघतो, जणू चूक माझी.

म्हणून मी त्याला एक खडा दिला.
दहा झाले की हा. हातचा एक.
कुठे ठेवू?
मनात, मी म्हणाले.
मनात मेंढ्या आहेत, म्हणाला,
आणि खडा गमबुटात टाकला.
दुसऱ्या दिवशी दिवसभर लंगडत होता,
गणित काढायचं विसरला म्हणून.
आम्ही इतके हसलो की कुत्री भुंकायला लागली.

एकशे त्रेचाळीस मेंढ्या राखतो तो, आणि मोजत नाही.
मोजायचं कशाला? जी नसते, ती दिसतेच की.
मग शिकतोस कशाला?

तेव्हा सांगितलं.
वर्षभराच्या राखणीचा मोबदला बारा मेंढ्या.
मालकानं गेल्या साली दिल्या त्या अकरा.
अकराही चेहरे त्याला पाठ.
पण मालकाच्या वहीत बारा लिहिलंय,
आणि वहीपुढे चेहऱ्याचं काय चालतं.

सप्टेंबरात तो बेरीज लिहायला शिकला,
ऑक्टोबरात वजाबाकी.
नोव्हेंबरच्या एका रविवारी पाटीचा कागद घडी करून
डोंगर उतरून मालकाकडे गेला.
रात्री उशिरा आला.
मालकानं कागद उलटसुलट करून पाहिला म्हणे,
शाबास म्हणाला, चहा दिला, साखर घालून.
आणि म्हणाला, बारावी पुढच्या वर्षी.
तोवर ती हातची धर.

हा शब्द मी शिकवला होता.
त्या रात्री कंदील विझवल्यावरही
मला खूप वेळ तो काळ्या फळ्यावर दिसत राहिला.

निघायच्या आदल्या दिवशी मे मात्शेपो अभ्रा धूत होती.
मी मोसिउवाला विचारलं,
इतक्या लिम्फो आल्या, तुला आठवतात कशा?
त्यानं बोटं काढली.
एक कुत्र्यांना घाबरायची.
एक रात्री झोपेत आईला हाका मारायची.
एकीचा दात किडका होता, पण हसायची छान.
आणि मी?

तू ती, म्हणाला,
पान उलटायच्या आधी अंगठा ओला करणारी,
समोर पान नसलं तरी.

मग खाली वाकून गमबूट काढला, झटकला.
खडा तळहातावर घेऊन बघितला थोडा वेळ.
मला वाटलं, आता परत देईल.
त्यानं तो पुन्हा बुटात टाकला,
आणि वर निघून गेला,
जरासा लंगडत.